भिंत, तोफ आणि पांढऱ्या चड्ड्या

क्लबाच्या कमिटीत पाच मतं होती आणि त्यातलं एक लाँड्रीवालीचं होतं. बाहेरगावच्या संघांना हे खरं वाटत नसे, पण नियम जुना होता. क्लब काढणाऱ्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं की जो पगार न घेता क्लबासाठी राबतो त्याला मत. नुसते सल्ले देणाऱ्याला बसायला बाक आहे. म्हणून मैदानाचं गवत कापणाऱ्याला मत होतं, संघाची बस चालवणाऱ्या ड्रायव्हरला होतं, गोलांची वही ठेवणाऱ्या गणिताच्या मास्तरांना होतं, आणि खेळाडूंचे पडलेले दात फुकटात बसवून देणाऱ्या दातांच्या डॉक्टरांना होतं. डॉक्टर अध्यक्षही होते, कारण त्यांच्यासमोर सगळ्यांनीच कधी ना कधी तोंड उघडलं होतं. पाचवं मत मावशीचं. बावीस वर्षं संघाचे कपडे तिच्या टबात भिजत होते.

मावशी शाळेत चौथीपर्यंत गेली होती आणि पाचवीत काय शिकवतात याची तिला कधी उत्सुकता वाटली नव्हती. सामना म्हणाल तर तिने एकही पुरा पाहिलेला नव्हता. सामन्याच्या दिवशीच लाँड्रीत गिऱ्हाइकांची रीघ. आणि तिचं म्हणणं, बघायचंय काय त्यात? कपडे सगळं बोलतात. गोलकीपरची कोपरं हिरवी म्हणजे बिचाऱ्याची फार उडाउडी झाली. पुढच्या गड्याची जर्सी कोरडी म्हणजे तो नव्वद मिनिटं कंबरेवर हात ठेवून हवा खात होता. "मला थापा मारू नका," ती खेळाडूंना सुनवायची. "तुमचा घाम शेवटी माझ्याच टबात येतो."

खेळाडू तिला थापा मारत नसत. तिच्यासमोर ते शक्यतो श्वासही बेताने घेत.

या मोसमात क्लबाची पार दैना झाली होती. चौदा सामने झाले होते, एकतीस गोल खाल्ले होते, मारले होते बारा. खालचे दोन संघ दर वर्षी खालच्या गटात ढकलले जात, आणि आपला संघ खालून दुसरा. जुन्या कोचने मध्यातच रामराम ठोकला. जाताना म्हणाला, गुडघा दुखतो. मावशी म्हणाली, गुडघा नाही, तोंड दाखवायला जागा राहिली नाही ते दुखतंय.

आता नवा कोच नेमायचा होता. उमेदवार दोन, आणि दैव असं खट्याळ की दोघेही मावशीच्याच घरचे.

एक तिचा धाकटा दीर. त्याने चौदा वर्षं मागच्या फळीत खेळून काढली होती आणि लोक त्याला भिंत म्हणत. त्याचं तत्त्व सोपं होतं: आधी दार लावा, मग आत काय करायचं ते करा. दुसरा तिचा जावई. तो पुढे खेळायचा, त्याला नाव पडलं होतं तोफ. त्याचं तत्त्व त्याहून सोपं: ते तीन मारतील ना, मग आपण चार मारू.

कमिटीत दोन-दोन मतं पडली. डॉक्टर आणि मास्तर भिंतीच्या बाजूने. मास्तरांनी वही उघडून सांगितलं की एकतीस हा आकडाच बोलका आहे, याला बचाव शिकवणारा माणूस पाहिजे. ड्रायव्हर आणि गवतवाला तोफेच्या बाजूने. ड्रायव्हर म्हणाला, "परत येताना बसमध्ये पोरं गाणी म्हणतात ती गोल मारले तर. शून्य-शून्य झालं की सगळे झोपतात, मग मलाही झोप येते. विचार करा." गवतवाल्याचं कारण त्याहून रोकडं होतं. बचावाचा कोच आला की दहा जण गोलपाशी दाटीवाटीने उभे राहतात आणि तिथलं गवत मरतं.

राहिलं मावशीचं मत. ते रविवारी सकाळी द्यायचं होतं.

शुक्रवारी रात्री सगळे जेवायला एका टेबलावर होते. दिराने चार चमचे आडवे लावले आणि मागे मिठाची बाटली उभी केली.

"वहिनी, ही बाटली म्हणजे आपला गोलकीपर. हे चमचे हलले की बाटली गेली. चमचे हलता कामा नयेत, एवढाच सगळा खेळ."

जावयाने एक चमचा उचलला आणि वाढून घेतलं. "काका, चमचे हलले नाहीत तर जेवायचं कसं?"

"बघा वहिनी, हे असं. तुम्ही पुढे धावा, जावईबापू, आणि मागे घर उघडं. चोर काय, पत्ता विचारत येतो?"

"चोराने आपल्या घरी यायचं की आपण त्याच्या घरी जायचं, एवढंच ठरवायचंय, काका."

"म्हणजे आता आम्ही चोर?" मावशी म्हणाली. "जेवा गुपचूप. माझे चमचे सामन्याला काढलेले नाहीत."

ती बोलली ठसक्यात, पण आपल्या ताटातली भाजी तिने नुसतीच चिवडली होती. कारण चेंडूच्या आड दुसरीच गोष्ट होती. नऊ तासांच्या प्रवासावर असलेल्या एका गावी मुलांना फुटबॉल शिकवणारी शाळा होती. त्यांनी जावयाला नोकरी देऊ केली होती, राहायला दोन खोल्याही. सोमवारी सकाळी होय की नाही ते कळवायचं होतं. इथली जागा मिळाली तर तो राहणार, नाही मिळाली तर जाणार. आणि तो जाणार म्हणजे मावशीची लेक जाणार. लेक लाँड्रीत इस्त्रीला उभी असायची. अकरा वर्षांची असल्यापासून तिने इस्त्री हातात घेतली होती, आणि आईशी दिवसभर वाद घालत काम करायची सवय तिला तेव्हापासूनची.

भांडी आवरताना लेक म्हणाली, "आई, एक सांगू? मत खरं वाटेल ते दे. जावई म्हणून देऊ नकोस."

"मी कधी खोटं मत दिलंय?"

"म्हणूनच सांगतेय. तू खरंच देणार, मग नंतर तोंड पाडून बसणार."

"माझं तोंड आहे, मी पाडीन नाहीतर उभं ठेवीन."

पण रात्री अंथरुणावर तिला इकडे आड आणि तिकडे विहीर दिसत होती. डाग असेल तर डाग आहे म्हणायचं, हा तिचा धंद्याचा बाणा. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, "हा डाग निघणार नाही" हे ती तोंडावर सांगायची. आणि एकतीस गोल हा भलामोठा डाग होता. तो काढायला भिंतच पाहिजे, हे तिला तिच्या मनाविरुद्ध पटत चाललं होतं.

शनिवारी दुपारी मात्र भलतंच झालं.

लाँड्रीतलं मोठं मशीन आठवडाभर बिघडलेलं होतं, त्यामुळे दोन सामन्यांचे कपडे साठले होते. घरच्या मैदानावरचे पांढरे आणि बाहेरच्या मैदानावरचे मरून. एरवी एक गाठोडं आलं की ते धुऊन, वाळवून जायचं तेव्हा दुसरं यायचं. या खेपेला मावशीने दोन्ही रंगांच्या चड्ड्या दोन टबांत शेजारी शेजारी, गार पाण्यात भिजत घातल्या. चिखलाला गरम पाणी घातलं की तो कापडात घर करतो, हे ती झोपेतही सांगेल. तासाभराने ती बघायला गेली.

मरून टबातलं पाणी काळ्या चहासारखं झालं होतं आणि खाली बोटभर गाळ. पांढऱ्या टबातलं पाणी निवळशंख. टबाच्या तळाची चीर दिसत होती.

मावशी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. मरून कपड्यावर चिखल वरून दिसत नाही, म्हणून तिने तो कधी नीट पाहिलाच नव्हता. आणि पांढरे कपडे गेले तीन महिने स्वच्छ येत होते याचा तिला केवढा अभिमान! सगळ्यांना सांगत सुटली होती, बघा, पोरांना शिस्त लावली.

शिस्त लावली होती हे खरं होतं. मोसमाच्या पहिल्याच सामन्याला नव्या कोऱ्या पांढऱ्या चड्ड्या पोरांनी अशा करून आणल्या की गवताचा हिरवा आणि मातीचा काळा मिळून तिसराच रंग झाला होता. व्हिनेगरची अख्खी बाटली संपली, ब्रश झिजला, हाताची सालं निघाली. मग मावशी एक चड्डी काठीच्या टोकावर धरून कपडे बदलायच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली होती. त्या दिवशी तिथे काय काय बोललं गेलं ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही.

तिने तडक सुताराला बोलावणं धाडलं. सुतार म्हणजे संघाचा पाच नंबर, मागच्या फळीचा मधला खांब. सहा फुटांचा गडी, दाराची चौकट एकटा उचलणारा. तो हातातला रंधा तसाच घेऊन आला.

"मावशी, फळी निखळली का?"

"फळी नाही. बस. नको, उभाच राहा. घरच्या मैदानावर समोरचा चेंडू घेऊन आला की तू काय करतोस?"

"अडवतो."

"कसा?"

"उभ्याने."

"आणि बाहेरगावी?"

सुताराने दोन टबांकडे पाहिलं, मग रंध्याकडे. "बाहेरगावी घसरून काढतो. पाय लांब टाकला, बसकण मारली की चेंडू मिळतो."

"मग घरी बसकण मारायला काय धाड भरते?"

"मावशी, तुम्हीच म्हणालात ना. परत बुडाला चिखल दिसला तर चड्डी माझ्या सासूबाईंकडे धुवायला पाठवीन म्हणून."

"आणि बाकीचे तिघे?"

"त्यांना तुम्ही वेगवेगळं म्हणालात. पण सगळ्यांनी ऐकलं."

"अरे मेल्या, म्हणून गोल खायचे? गोल खाल्ला की कोच ओरडत नव्हता?"

"ओरडायचा की," सुतार अगदी सरळपणे म्हणाला. "पण तो पाच मिनिटं ओरडायचा. तुम्ही आठवडाभर."

इस्त्रीपाशी लेकीने तोंडात पदर कोंबला. मावशीने तिच्याकडे एक कटाक्ष टाकला, पण त्यात नेहमीची धार नव्हती. दुसऱ्याच्या कपड्यावरचा मोहरीएवढा डाग तिला दिसायचा, आणि स्वतःच्या पदराला एवढा मोठा लागलेला तिने तीन महिने मिरवला होता.

रविवारी सकाळी कमिटी बसली. क्लबाची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली होती, छत तिरपं, बुटांचा वास, आणि टेबलाच्या एका पायाखाली जुनी वही. दोन्ही उमेदवार भिंतीकडच्या बाकावर बसले होते, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर सोडून. लेकही आली होती, चाव्या द्यायच्या निमित्ताने, आणि चाव्या देऊन झाल्यावरही दारातच उभी होती.

"मावशी, तुमचं मत," डॉक्टर म्हणाले.

"मत नंतर. आधी सांगायचंय ते ऐका. मागची फळी वाईट नाही. तिला मी वाईट केलीय." आणि तिने टबांपासून सुतारापर्यंत सगळं सांगितलं. काठीवरची चड्डीसुद्धा सोडली नाही. जन्मात तिने स्वतःविरुद्ध इतकं सलग भाषण केलं नव्हतं, त्यामुळे मध्ये मध्ये तिला शब्द हुडकावे लागत होते.

मग ड्रायव्हरला हसू फुटलं, ते डॉक्टरांना लागलं.

दीर मात्र हसला नाही. "वहिनी, जावयासाठी स्वतःवर आळ घेताय? बचाव ठीक आहे असं ठरलं की बचावाचा कोच नको, एवढं मला कळतं. मानलं तुम्हाला."

मावशीचं तोंड लाल झालं. खरं बोलून खोटं ठरायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती. "मास्तर, तुमची ती वही काढा. घरी किती खाल्ले आणि बाहेर किती?"

मास्तरांनी पानं उलटली, बोटांवर मोजलं, पुन्हा उलटली. "घरच्या सात सामन्यांत पंचवीस. बाहेरच्या सातांत सहा." त्यांनी चष्मा काढला. "मी इथे कारण लिहिलंय, घरच्या प्रेक्षकांचं दडपण."

"प्रेक्षक कसले, मास्तर! ते दडपण म्हणजे मी. घ्या लिहून."

गवतवाला उठून उभा राहिला. "आणि तीन महिने सगळे माझ्या गवताला नावं ठेवत होते!"

"तुझं नंतर बघू," मावशी म्हणाली आणि बाकाकडे वळली. "आता तुम्ही दोघं सांगा. भाऊजी, तुम्ही घरचे सगळे सामने पहिल्या रांगेत बसून पाहिलेत. तुम्हाला हे दिसलं नाही?"

"मला वाटलं, पोरं भित्री आहेत."

"भित्रीच आहेत. कोणाला भितात ते विचारलंत?"

दीर आपल्या चपलांकडे बघू लागला.

"भिंतीला कान असतात म्हणतात, भाऊजी. डोळे नसतात हे मला आज कळलं." मग ती जावयाकडे वळली. "आणि तुम्ही, जावईबापू?"

जावयाचे कान आधीच तापले होते. त्याने दारातल्या बायकोकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

"मला दिसलं होतं, आई."

"कधी?"

"तिसऱ्या सामन्याला."

"तिसऱ्या? आणि चौदाव्यापर्यंत तोंडात गुळणी धरून बसलात?"

"सांगणार कोणाला होतो? तुम्हाला?"

आता दिराला हसू आलं. त्याने मांडीवर थाप मारली. "घ्या! सासूला घाबरणारा कोच! हा पंचासमोर काय उभा राहणार!"

मावशीला वाटलं होतं, सगळं सांगून टाकलं की मत आपोआप जावयाकडे जाईल आणि लेक घरी राहील. पण समोर बघितलं तर एकाला बोलता येत होतं पण दिसत नव्हतं, आणि दुसऱ्याला दिसत होतं पण बोलता येत नव्हतं. ज्याची आपल्यासमोर दातखीळ बसते त्याच्या हाती अकरा धटिंगण द्यायचे? पुढे धावा की मागे थांबा, हे कुणाच्या तोंडाने सांगणार तो? तिने लेकीकडे पाहिलं. लेकीने मान खाली घातली होती आणि चाव्यांचा जुडगा नुसताच फिरवत होती.

"जावईबापू," मावशी म्हणाली, "आता बोला. तिसऱ्या सामन्याला बोलायचं होतं ते इथे, सगळ्यांसमोर. नाही बोललात तर माझं मत भाऊजींना. मग माझी लेक नऊ तासांवर गेली तरी चालेल."

जावई उभा राहिला. "आई, मला जरा असं वाटतं, की आपण थोडंसं..."

"जरा, थोडंसं! डाग काय लाजून निघतो? घासा की."

त्याने श्वास घेतला. "आई, तुमच्यामुळे आपण पंचवीस गोल खाल्ले."

मावशी म्हणाली, "पुढे."

"आजपासून खेळाडूंना कपड्यांवरून एक शब्द बोलायचा नाही. डाग निघाला नाही तर डागासकट घालतील. कपडे बदलायच्या खोलीत तुम्ही पाऊल टाकायचं नाही. काठी तर नाहीच."

"मग कपडे काय उडत येतील लाँड्रीत?"

"मी आणीन." आता त्याचा आवाज सुटला होता, एकदा उतार लागल्यावर सुटतो तसा. "आणि मला काका पाहिजेत. मागच्या चौघांना घसरायचं कसं, हे त्यांच्याइतकं कोणाला येत नाही. मागे ते चौघे अशी बसकण मारणार असतील तर मी पुढे सहा जण सोडू शकतो. पण शेवटचा शब्द माझा. त्यांच्यापुढे, आणि तुमच्यापुढेही."

"माझ्यापुढेही?"

"क्लबात," जावई घाईने म्हणाला. "घरी नाही."

मावशीने पदर सारखा केला. तोंडावर एवढं ऐकून घ्यायची तिला सवय नव्हती, आणि कानाची पाळी अजून झोंबत होती. पण तिने हात वर केला. "माझं मत यांना. लिहा, मास्तर, शाईने लिहा."

दीर उठला. "मी? जावयाच्या हाताखाली?" एवढंच म्हणून तो निघून गेला आणि दोन दिवस जेवायला आला नाही. मंगळवारी सरावाला मात्र पंधरा मिनिटं आधी मैदानावर हजर. विचारलं तर म्हणाला, चालायला आलो होतो. बूट पायात होते.

लेकीने सोमवारी सकाळी त्या गावाला नाही म्हणून कळवलं आणि इस्त्री तापत ठेवली. दोघी मायलेकी दुपारपर्यंत एका कॉलरवरून भांडल्या.

पुढच्या शनिवारी घरच्या मैदानावर सामना होता. मावशीने दिवसभर मैदानाच्या दिशेने मानही वळवली नाही. संध्याकाळी जावई पाठीवर गाठोडं घेऊन आला. त्याचं पाणी त्याच्या सदऱ्यावर गळत होतं. त्याने ते टबापाशी ठेवलं आणि गाठ सोडली.

चड्ड्या पांढऱ्या होत्या हे माहीत असणाऱ्यालाच कळलं असतं. गवत, माती, एकीवर रक्त, आणि सुताराच्या चड्डीला तर अर्धं मैदान चिकटून आलेलं. मावशीचं तोंड उघडलं. मिटलं. शब्द दिला होता. तिने दोन हातांनी टबाची कड धरली.

जावयाने स्टूल ओढलं, तिच्यासमोर ठेवलं आणि त्यावर बसला. "बोला, आई. खेळाडूंपुढे बोलायचं नाही असं ठरलंय. माझ्यापुढे चालेल."

मग मावशी बोलली. चिखलापासून सुरुवात केली, पाच नंबरच्या सात पिढ्यांपर्यंत गेली, वाटेत गवतवाला, डॉक्टर आणि ज्याने पांढरा रंग निवडला तो मेलेला माणूस यांना घेतलं, आणि परत चिखलावर आली. लेकीने इस्त्री बंद करून कान दिला. जावई हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकत होता.

दम लागला तेव्हा ती थांबली. "खाल्ले किती?"

"एक."

"आणि मारले?"

"दोन."

मावशीने सुताराची चड्डी दोन बोटांनी उचलली, गार पाण्यात सोडली आणि थोडा वेळ विचार केला.

"त्याच्या आजोबांबद्दल जे बोलले तेवढं मागे घेते," ती म्हणाली. "बाकीचं राहू दे."